ताईची पेटी आणि मामीची इस्त्री

४ जानेवारी

कारकूनबाई,

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर आलंय म्हणून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या आईने ते न फोडता परत लावून दिलं असतं. मागे दोनदा तसं झालंय. फोन करावा तर तो तुमच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या टेबलावर, तिच्या हाताशी. तेव्हा मामाची भाची म्हणून नाही, तर लेझर प्रिंटर असलेल्या दुकानातली एक ओळखीची व्यक्ती म्हणून तुला लिहितोय.

प्रकरण तुला ठाऊक आहे. अकरा वर्षांपूर्वी ताईच्या विजेवरच्या पेटीतला एक खालचा सूर घरघरत होता. मी म्हटलं, "दोन दिवसांचं काम आहे, ताई, दे इकडे." जन्मभर रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडलेला माणूस मी, मला पेटीचं काय भय! घरी आणली, उघडली आणि नेमकी त्याच दिवशी वीज वाढली. आतली सर्किटची पाटी जळून कोळसा. कंपनीने ती पाटी बनवणं कधीच बंद केलेलं. ताई म्हणाली, "पेटी वाजेल त्या दिवशी तुझ्याशी बोलेन." माझी बहीण बोलल्याप्रमाणे वागते, हेच तर माझं नशीब.

आता ऐक. पाटी घरीच बनवता येते! तांब्याचा पातळ थर चढवलेला पत्रा घ्यायचा, लेझर प्रिंटरवर चकचकीत कागदावर सर्किटच्या रेघा छापायच्या, तो कागद पत्र्यावर पालथा घालून वरून इस्त्री फिरवायची. रेघा पत्र्यावर चिकटतात. मग पत्रा एका तपकिरी औषधात बुडवला की उघडं तांबं विरघळून जातं आणि रेघांखालचं तेवढं राहतं. झाली पाटी. जळक्या पाटीवरून सगळ्या रेघा मी भिंग लावून उतरवून घेतल्यात, दीड महिना लागला. माझ्याकडचा प्रिंटर मात्र शाईचा. त्याची रेघ पाणी लागताच रडायला लागते.

पाकिटात पेन ड्राईव्ह आहे. चकचकीत मासिकाच्या पानावर चार प्रती काढून पाठव. आईला पत्ता लागू देऊ नकोस.

तुझा मामा

१५ जानेवारी

मामा,

काढल्या प्रती, पाठवतेय. रविवारी आई जेवून तासभर आडवी होते तेव्हा दुकान माझ्या ताब्यात असतं. गादीच्या जाहिरातीचं पान वापरलंय, हसऱ्या बाईच्या तोंडावर तुझं सर्किट आलंय त्याला माझा इलाज नाही.

तुझ्यावर रागवायचं होतं, पण पत्र वाचून हसूच आलं. आता एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नकोस. आईची बोटं आखडायला लागलीत. सकाळी कागदाचा गठ्ठा सोडवताना दोन्ही हात लागतात. डॉक्टर म्हणाले, औषधाने दुखणं कमी होईल पण सांधे धरत जाणार, वर्ष-दीड वर्षात करंगळ्या वळणार नाहीत.

गिऱ्हाईक नसलं की ती टेबलाच्या कडेवर बोटं नाचवत बसते. मला वाटायचं, सवय असेल. परवा नीट पाहिलं तर ती वाजवत होती. अख्खं गाणं, दोन्ही हातांनी, नुसत्या लाकडावर. मी आत गेले तशी म्हणाली, "धूळ बघत होते." मला फार वाईट वाटलं, मामा. तुला अकरा वर्षं लागली ती लागली, बाराव्या वर्षाची वाट बघू नकोस. नाहीतर पेटी येईल आणि वाजवायला बोटं नसतील.

कागद घडी घालून पाकिटात टाकतेय, जपून काढ.

तुझी भाची

२४ जानेवारी

कारकूनबाई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामीलाही वाचून दाखवलं. तिने उठून इस्त्री आणून माझ्यासमोर ठेवली. एरवी त्या इस्त्रीला हात लावायची मला बंदी आहे, यावरून काय ते समज.

प्रती मात्र वाया गेल्या. रेघा इतक्या फिक्या की औषधाने त्या चाळणीसारख्या खाल्ल्या. तुमच्या प्रिंटरवर 'टोनर वाचवा' अशी खूण लावलेली असणार. ताईची काटकसर मला माहीत आहे, पण ती खूण काढ. लेझरची शाई ही शाई नसतेच मुळी, ती प्लॅस्टिकची भुकटी असते, उष्णतेने वितळते आणि चिकटते. थर जाड हवा. दुसरं म्हणजे कागदाला घडी घालू नये गं! घडीवर भुकटी तडकते. माझी पाटी बरोबर मधोमध दुभंगली, सासू-सुनेच्या चुलीसारखी. कागद गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घाल.

तिसरी चूक माझी. कागद सुलटा की उलटा हे कळायला खूणच ठेवली नव्हती. म्हणून सोबतच्या नव्या फाईलमध्ये पाटीच्या कोपऱ्यात चार शब्द टाकलेत. कागदावर ते आरशातल्यासारखे उलटे दिसले की समज बरोबर आहे, पत्र्यावर ते सुलटे उमटतील. शब्द कोणते याला महत्त्व नाही. पाटी पेटीत गेली, वर झाकण बसलं, की जन्मात कोणी बघणार नाही. तेव्हा वाचत बसू नकोस, उगाच डोळे दुखतील.

मामा

ता. क. मी मामी लिहितेय. तुझ्या मामाने सांगितलं नसेल, पण एक प्रत त्यांनी पत्र्याऐवजी माझ्या उशीच्या अभ्र्यावर दाबली. कागद पालथा घालायचा तो उताणा घातला, वरून अभ्रा, त्यावर इस्त्री. पत्र्यावर धड येत नाही, पण अभ्र्यावर अशी बसलीय की तीन धुण्यांत हललेली नाही. रोज तिच्यावर डोकं ठेवून झोपते. अक्कल वाढल्यासारखं अजून तरी वाटत नाही. मोरीतल्या फरशीवर औषधाचा तपकिरी डाग पडलाय तो वेगळाच. पण तू प्रती पाठव. इस्त्रीचं मी बघते.

५ फेब्रुवारी

मामा,

या वेळी सगळं तुझ्या मनासारखं. 'टोनर वाचवा'ची खूण काढली, काळ्याभोर चार प्रती काढल्या, घडी नाही, गुंडाळून रबर लावलं आणि नळीत घातल्या. अक्षरं उलटी आली आहेत, म्हणजे बरोबर ना? वाचायला गेले तर तिसऱ्या अक्षरावरच डोळे फिरले, सोडून दिलं.

थोडी धांदल झाली. प्रती निघत होत्या आणि अर्धं शटर वाजवून एक आजोबा ओळखपत्राची झेरॉक्स मागायला आले. त्यांना चष्मा सापडेना, मग ओळखपत्र सापडेना, मग चष्मा खिशातच निघाला. दहा मिनिटं गेली. परत आत आले तेव्हा आई पलंगावर उठून बसली होती. "कोण होतं गं?" एवढंच विचारलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. प्रिंटरपाशी गेलीच नाही, कागद होते तिथेच होते. वाचलो.

नळी रविवारीच बंद करून कपाटात ठेवली होती, पोस्टात टाकायला आज बुधवार उजाडला. पत्र वेगळं पाठवतेय, चिंता नको.

आई हल्ली जरा विसरभोळी झालीय. मी 'टोनर वाचवा'ची खूण आठवणीने परत लावली होती, ती सोमवारी पुन्हा काढलेली. विचारलं तर म्हणते, "तूच विसरली असशील." आणि जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यातली चकचकीत पानं तिने वेगळी काढून ठेवलीत. म्हणे रद्दीवाला चकचकीत घेत नाही. आजवर सगळं घेत होता की! वय झालं, मामा, दुसरं काय.

इस्त्री जपून. मामीला सांग, अभ्रा टाकू नकोस, मला हवाय.

तुझी भाची

१३ फेब्रुवारी

अगं ए बावळट मुली,

विसरभोळी ताई नाही. आंधळे आपण दोघं आहोत.

नळी उघडली. चार प्रती म्हणालीस, आत सात निघाल्या. रबर म्हणालीस, रबर कुठेच नाही. सातही कागद पांढऱ्या दोऱ्याने बांधलेले. दोऱ्याचे चार वेढे, घट्ट, एकावर एक, आणि शेवटी गाठ नाही. टोक वेढ्यांखाली दाबून खोचलेलं. ओढलं की क्षणात सुटतं, नाही ओढलं तर जन्मभर सुटत नाही. जगात असा दोरा मी एकाच माणसाला बांधताना पाहिलाय. झेरॉक्सचं दुकान काढण्याआधी तुझी आई छापखान्यात खिळे जुळवायची, तू तेव्हा लहान होतीस. शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, वेचून पान जुळवायचं आणि ते विस्कटू नये म्हणून असा दोरा बांधायचा. गाठ मारली तर ती छपाईत आडवी येते.

आता पुढचं ऐक, मला इथे घाम फुटलाय. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. खिळे जुळवणारा माणूस दिवसभर उलटंच वाचतो. आणि मी शहाण्याने ते चार शब्द उलटे छापले, कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून! चोराने खजिना लपवावा तो फौजदाराच्या उशीखाली, त्यातली गत.

तिने वाचलंय. नक्की वाचलंय. ती काय म्हणाली? चेहरा कसा होता? जेवते का नीट? ताबडतोब कळव.

पाटी, तसं म्हटलं तर, उत्तम झाली. सातव्या प्रतीची. मामीने स्वतः इस्त्री धरली, मी नुसता पाण्याचं भांडं घेऊन उभा होतो. एकही रेघ तुटलेली नाही. पण मला आनंद कसा तो होत नाहीये.

मामा

१९ फेब्रुवारी

मामा,

शप्पथ, मला काही माहीत नव्हतं. तुझं पत्र शाळेत डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

घरी गेले. आई कागदाच्या कडा जुळवत बसली होती. चेहरा नेहमीसारखा, म्हणजे काहीच कळायला मार्ग नाही. जेवते नीट. मी सहज म्हणून विचारलं, "आई, छापखान्यात तुला उलटं वाचायला त्रास नाही का व्हायचा?" ती म्हणाली, "सुलटं वाचायला मला चष्मा लागतो, उलटं मी बिनचष्म्याचं वाचते." आणि पुन्हा कडा जुळवायला लागली. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "मामाला उत्तर लिहिशील तेव्हा तिकिटं माझ्या टेबलाच्या खणातून घे. पोस्टात रांग असते."

मी जमिनीत गेले, मामा. आता तरी सांग, तू त्या कोपऱ्यात लिहिलं होतंस तरी काय? तिला विचारायची माझी छाती नाही.

तुझी भाची

ता. क. पाकीट बंद करायला घेतलं तर आईने ते हातातून घेतलं आणि एक घडी केलेला कागद आत टाकला. "वाचू नकोस" म्हणाली. मी वाचलेला नाही. खरंच नाही. सुलटा होता तरी.

१९ फेब्रुवारी

बाळ्या,

पेटी वाजेल त्या दिवशी बोलेन, असं मी म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. तेव्हा लिहिते. बोलणं अजून बंदच आहे.

रविवारी मी झोपले नव्हते. बोटं दुखतात तेव्हा झोप लागत नाही. प्रिंटरचा आवाज ऐकून उठले, पोरगी शटरपाशी कोणाशी तरी बोलत होती. ट्रेमध्ये कागद पडला होता. आधी वाटलं, काहीतरी बिघडलंय. मग कोपऱ्याकडे नजर गेली. 'तार मीच उलटी जोडली.' चार शब्द. मी पलंगावर जाऊन बसले, पोरगी आत यायच्या आधी डोळे पुसले आणि मग भिंतीकडे तोंड करून पडले.

अकरा वर्षं तू विजेवर खापर फोडलंस. अरे, त्या दिवशी तुमच्या गल्लीत कोणाचा एक दिवा फडफडला नाही. मी शेजारणीला विचारलं होतं. वीज वाढली ती नेमकी तुझ्याच टेबलावर, तुझ्याच पेटीपुरती? मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. जळली म्हणून मी रागावले नव्हते. वस्तू जळतात. चारच शब्द बोलला असतास तर मी तुला तिथेच चहा करून दिला असता. पण तू मोठ्या आवाजात वीज कंपनीला शिव्या देत राहिलास आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. लहानपणी दौत सांडायचास तेव्हाही मांजराचं नाव सांगायचास. आपल्याकडे मांजर नव्हतं.

तुझ्या भाचीने काढलेल्या प्रती बऱ्या होत्या, चांगल्या नव्हत्या. फाईल दुकानातच होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी सतरा काढल्या, खिडकीपाशी उजेडात धरून बघितल्या, आणि कपाटातल्या नळीत तिच्या प्रतींऐवजी त्यातल्या सात ठेवल्या. कागद पाटीवर दाबायचा असणार हे मला कोणी सांगायला नको, उलटं अक्षर दाबण्यासाठीच असतं. सर्वांत चांगली सगळ्यात आत ठेवली होती.

ते शब्द पाटीवरून खरडून काढू नकोस.

ताई

२ मार्च

ताई,

पेटी पाठवतोय. चारही बाजूंनी गाद्या कोंबल्यात, मामीचा अभ्रा सर्वांत वर आहे, तो तुझ्या लेकीचा.

शब्द खरडले नाहीत. झाकण उघडलंस तर दिसतील. मी ते लिहिले तेव्हा वाटलं, निदान पेटीला तरी खरं सांगावं. तुला सांगायचं धाडस अकरा वर्षांत झालं नाही. दर वर्षी वाटायचं, आधी दुरुस्त करतो मग सांगतो, म्हणजे बरं दिसेल. तसं करता करता तुझी बोटं आखडली. याला वीज जबाबदार नाही, मांजर नाही, मीच आहे.

वीज जोडून पाहिली, दिवा लागला. तार तीनदा तपासली, चौथ्यांदा मामीने तपासली. वाजवली मात्र नाही. एकही सूर नाही. पहिला सूर तुझा. म्हणून इथे दोघंही नुसते तिच्याकडे बघत बसलो होतो, पाहुण्यांसमोर ताट ठेवून बसल्यासारखे.

वाजली तर एक ओळ लिही. नाही वाजली तर दोन लिही, शिव्यांसाठी जागा लागेल.

तुझा,
बाळ्या

१० मार्च

बाळ्या,

वाजली.

पोरगी शाळेतून लवकर आली, दुकानाचं शटर पूर्ण खाली ओढलं आणि पेटी टेबलावर ठेवली. मी आधी हात गरम पाण्यात धरले. डाव्या करंगळीला आता काही सांगून उपयोग नाही, तिच्या वाटचे सूर अंगठ्याने सांभाळले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा पूर्ण गाणं वाजलं, तेच, जे मी लाकडावर वाजवत होते. पोरगी रडत होती आणि मला सांगत होती की रडू नकोस. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, त्यांना झेरॉक्स नको होती, ती ऐकत होती.

झाकण उघडून पाटीही बघितली. तांबं स्वच्छ आहे, रेघा सरळ आहेत. अक्षरं सुलटी उमटलीत, त्यामुळे मला चष्मा लावावा लागला. मामीचा हात इस्त्रीवर पक्का आहे, तिला सांग.

तेव्हा आजपासून बोलणं सुरू. संध्याकाळी सातला फोन कर, मी उचलेन. आधीच सांगून ठेवते, पहिला काही वेळ मला बोलता येणार नाही, फोन ठेवू नकोस.

आता एक तक्रार. जो खालचा सूर घरघरतो म्हणून मी पेटी तुला दिली होती, तो अजून घरघरतोय. जशीच्या तशी घरघर. तू जाळलंस ते दुरुस्त केलंस, दिलं होतं ते राहिलंच.

हत्यारं घेऊन ये. मामीलाही आण. पेटी या घराचा उंबरठा ओलांडणार नाही, इथेच, माझ्यासमोर, दुकानाच्या टेबलावर उघडायची. दोन दिवसांचं काम आहे म्हणाला होतास. मग दोन दिवस राहा.

ताई